सुरीची मूठ, आईची मूठ

दोस्तांनो, तुमचा छंद कोणता? कोणी पोस्टाची तिकिटं जमवत असेल, कोणी नाणी, कोणी पक्ष्यांची पिसं. माझा छंद ऐकला की समोरचा माणूस आधी एक पाऊल मागं सरकतो आणि मग उगाचच हसतो. मी सुऱ्या बनवतो!

दचकलात ना? आणि गंमत म्हणजे मी मूळचा चित्रकलेचा मास्तर. कुणाच्या कंपासपेटीत ब्लेड सापडलं, की ते जप्त करून टेबलाच्या खणात टाकणारा. आता आईबाबांनो, तुम्हीही लगेच अंक मिटू नका बरं का! मी बनवतो त्या सुऱ्या कांदे-बटाटे कापायच्या. तलवार, खंजीर, जंबिया असलं काही माझ्या हातून निघालेलं नाही आणि निघणारही नाही.

मी २०१५ साली निवृत्त झालो आणि आमच्या कराडच्या घरी येऊन बसलो. त्याच सुमाराला स्वयंपाकघरात एक प्रकार घडला. बाजारातून आणलेल्या सुरीची मूठ भोपळा कापताना निसटली. पातं भोपळ्यात, मूठ आमच्या हिच्या हातात! ती वैतागून म्हणाली, "जन्मभर चित्रं काढलीत, आता एक धड सुरी काढून दाखवा."

मी काढली. कागदावर! कागदावरच्या सुरीला काय, काहीही कापता येतं. मग हार्डवेअरच्या दुकानातून लोखंडी पट्टी आणली, एक हॅकसॉ आणला, दोन कानशी आणल्या आणि अंगणात बसून रोज संध्याकाळी घासत सुटलो. आठ संध्याकाळी गेल्या. हाताला फोड आले. पण सुरी अशी झाली, की तिच्यात तोंड बघून भांग पाडावा. पहिल्या दिवशी तिनं टोमॅटो झकास कापला. दुसऱ्या दिवशी कांदा कसाबसा. तिसऱ्या दिवशी बघतो, तर धार चक्क एका बाजूला वळलेली, ओल्या पुठ्ठ्यासारखी!

सुरी फडक्यात गुंडाळून मी गावाबाहेरच्या लोहाराकडे गेलो. सगळे त्यांना तात्या म्हणतात. कोयते, कुऱ्हाडी, खुरपी, विळ्या – पंचक्रोशीतली निम्मी हत्यारं त्यांच्याच ऐरणीवरची. तात्यांनी सुरी उलटसुलट केली, फिरत्या सहाणेवर तिचं टोक क्षणभर टेकवलं, आणि म्हणाले, "मास्तर, दिसायला लई देखणी हाय. पण हिच्यात जीवच न्हाई. खिडकीला लावा."

मला राग आला. पण तात्यांनी लगेच एक तुटकी कानस त्याच सहाणेला लावली आणि म्हणाले, "आता बघा."

माझ्या पट्टीच्या ठिणग्या लांब, सरळ, मोजक्याच होत्या. कानशीच्या ठिणग्या मात्र फुलबाजीसारख्या! निघाल्या, की टोकाला फुटत होत्या, त्यांना फांद्या, त्या फांद्यांना आणखी फांद्या. मी जन्मभर मुलांना 'नीट बघा, मग काढा' असं सांगत आलो; पण लोखंडाकडे नीट बघायला कोणी शिकवलं, तर तात्यांनी. (शाळा न शिकलेल्या तात्यांनी, असं ते स्वतःच सांगतात आणि वर हसतात.)

तर हा फरक कशाचा? कार्बनचा. तोच तो, कोळशातला. साध्या पट्टीत शंभर ग्रॅम लोखंडामागं कार्बन पाव ग्रॅमही नसतो. ट्रकच्या कमानीच्या पाट्यात तो अर्ध्या ग्रॅमच्या थोडा वर असतो, आणि कानशीत एक ग्रॅम किंवा त्याहून किंचित जास्त. एवढ्याशा चिमटीनं लोखंडाचं पोलाद होतं. पण नुसता कार्बन असून भागत नाही, त्याला पकडून ठेवावं लागतं. कसं, ते सांगतो.

तुम्ही संगीतखुर्ची खेळता ना? लोखंडाचे कण म्हणजे खुर्च्या आणि कार्बनचे कण म्हणजे मुलं, असं समजा. पोलाद लालबुंद तापलं, की खुर्च्यांची मांडणीच बदलते आणि मुलांना त्यांच्यामधून मोकळं फिरता येतं. आता हे पोलाद हळूहळू गार होऊ दिलं, तर सगळी मुलं निवांत बाजूला होतात. पोलाद मऊ पडतं. पण गाणं एकदम बंद केलं तर? म्हणजे लाल पोलाद झटक्यात गार केलं तर? जो जिथं असेल तो तिथंच अडकतो. कोणाचं कोपर इथं, कोणाचा गुडघा तिथं, सगळी रांग ताणून घट्ट! असं पोलाद इतकं कठीण होतं, की कानस त्याच्यावरून काचेवरून घसरावी तशी घसरते. यालाच लोहार 'पाणी देणं' म्हणतात.

मला एवढं कळलं आणि मी स्वतःला मोठा कारागीर समजू लागलो. जुनी कानस घेतली, तिची सुरी घासली, तात्या जेवायला गेल्याची संधी साधून त्यांच्या भट्टीत लाल केली आणि पाण्याच्या बादलीत बुडवली. 'टिक्' असा बारीकसा आवाज आला. तुम्ही बर्फावर सरबत ओतलंत, की येतो ना, तसा. बाहेर काढली, तर धारेपासून पाठीपर्यंत केसासारखी चीर! तात्या आले. त्यांनी बादलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि काही न बोलता शेंगदाण्याच्या तेलाचा डबा पुढं सरकवला. कानशीचं पोलाद पाण्यात फार झटक्यात गार होतं आणि तडकतं. तेल जरा दमानं घेतं. ओरडा खाल्ला असता तर बरं वाटलं असतं, असं मला त्या दिवशी वाटलं.

थोडं विषयांतर करतो, कारण ही गोष्ट मला फार आवडते. आपल्या दक्षिण भारतात शेकडो वर्षं एक नामांकित पोलाद बनत असे. मातीच्या मुशीत लोखंड आणि लाकूड, पाला असं बंद करून तापवायचं, की मुशीत पोलादाची वडी तयार. इंग्रज त्याला 'वुट्झ' म्हणत. १७९४च्या सुमारास मुंबईतल्या डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी त्याचे नमुने लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांच्याकडे धाडले. तिथं जेम्स स्टोडार्ट नावाच्या सुऱ्या-कात्र्या बनवणाऱ्या कारागिरानं त्या वडीतून लेखणी तासायचा चाकू घडवला, आणि तो पहिल्या प्रतीचा निघाला. पुढं याच स्टोडार्टच्या जोडीला एक तरुण शास्त्रज्ञ आला. तो या पोलादाचं गुपित शोधायला लागला. १८१९ साली त्यानं वुट्झवर निबंधही छापला. कोण असेल बरं? मायकेल फॅरेडे! विजेच्या धड्यात ज्याचं नाव तुम्ही वाचता, तोच. आणि फॅरेडेचे वडील कोण होते, ठाऊक आहे? लोहार. ही गोष्ट मी तात्यांना सांगितली, तेव्हा ते भात्याची साखळी ओढता ओढता म्हणाले, "मग बरोबर हाय."

असो. पुढच्या दोन-अडीच वर्षांत मी बारा-तेरा सुऱ्या केल्या. त्यातल्या सात कामाच्या निघाल्या. पैकी सगळ्यांत सुंदर सुरी मी माझ्या आईला दिली. शिसवीची मूठ, पितळेच्या तीन रिबिटा, पात्याला माशाच्या पाठीसारखा बाक.

आईला सुरी द्यायचं कारण असं. ती तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती. तिचा जन्म विळीवर गेला. पण गुडघे इतके धरले होते, की तिला खाली बसता येईना. बोटांत संधिवात. सकाळी तर बोटं मिटतच नसत. भाजी चिरणं थांबलं, मग हळूहळू स्वयंपाकघरात येणंच थांबलं. ती खिडकीशी बसून राहायची. एकदा म्हणाली, "आता मी नुसती जेवायला उरले." मला वाटलं, उत्तम सुरी मिळाली, की उभ्यानं ओट्यावर चिरेल.

२०१८चा आषाढ होता. बाहेर पाऊस लागलेला. स्वयंपाकघरातून काहीतरी पडल्याचा आवाज आला. धावत गेलो. सुरी फरशीवर, आणि आई डाव्या हाताचा अंगठा पदरात घट्ट धरून उभी. पदर लाल झालेला. भोपळी मिरची कापताना मूठ बोटांतून फिरली होती. दोन टाके पडले.

आई मला एक शब्द बोलली नाही. मीच सुऱ्या, कानशी, सगळं गोणपाटात बांधून माळ्यावर टाकलं. चार महिने त्या गोणपाटाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तात्यांकडे जायचंही टाळलं. तुम्हांला खरं सांगू? मला त्या जखमेचं जेवढं वाईट वाटत होतं, तेवढंच माझी सुंदर सुरी वाईट निघाली, याचंही वाटत होतं. हे कबूल करायला लाज वाटते, पण तसं होतं खरं.

दिवाळीत आईनंच विषय काढला. "तुझं ते घासणं बंद का?"

मी म्हटलं, "तुला लागलं ना माझ्यामुळं."

"सुरी चांगली होती रे. पण तू सुरीच्या मुठीकडे बघितलंस. माझ्या मुठीकडे कुठं बघितलंस?"

मी गप्पच झालो. मग दुसऱ्या दिवसापासून वही-पेन्सिल घेऊन आईच्या मागं मागं फिरायला लागलो. ती काय काय उचलू शकते आणि काय नाही, याची चित्रं काढायची. चमचा धरायला तिला त्रास होई, कारण तो बोटांच्या टोकांनी धरतात. पण लाटणं? ते चालायचं! लाटणं आपण बोटांनी धरत नाही, तळव्यांनी ढकलतो. वरवंटाही तसाच. मग विळीचं कोडं उलगडलं. विळीवर पातं जागचं हलत नाही. आपण दोन्ही हातांनी भाजी त्याच्यावर रेटतो. जोर खांद्यातून येतो, बोटांतून नाही. सुरी मात्र बोटांनी आवळून धरावी लागते. म्हणजे आईला विळी सोडवत नव्हती, ती काही नुसत्या सवयीनं नव्हे.

याच सुमाराला तिची चप्पल शिवायला गेलो होतो. चर्मकारदादा चामडं कापत होते. त्यांच्या हातात रापी. पुढं पसरट पातं, मागं मूठ, आणि दादा तळव्यानं ती सरळ पुढं रेटत होते. मी तिथंच बसून चित्र काढलं. घरी येऊन पुस्तकं चाळली, तर आणखी भाऊबंद सापडले. अलास्का, कॅनडाचा उत्तर भाग, ग्रीनलंड अशा बर्फाळ मुलखातल्या इनुइट बायका 'उलू' नावाची सुरी वापरतात. अर्धचंद्रासारखं पातं आणि मूठ पात्याच्या मागं नव्हे, बरोब्बर डोक्यावर! मुठीवर हात ठेवून दाबलं, की सगळा जोर सरळ धारेवर. १९७०च्या दशकात स्वीडनमध्ये मारिया बेंक्टझॉन आणि स्वेन-एरिक युलिन या डिझायनरांनीही दुबळ्या हातांसाठी सुरी केली होती. तिची मूठ सुताराच्या करवतीसारखी उभी, म्हणजे मनगट वाकवावंच लागत नाही. एकच अडचण किती लोकांनी किती तऱ्हांनी सोडवली होती, आणि मी बसलो होतो माशाची पाठ कोरत!

मग मी आईला कणकेचा घट्ट गोळा दिला आणि म्हटलं, "हा पाट्यावर ठेवून वरून दाब, जसा तुला सोसेल तसा." तिनं दाबला. बघतो तर काय, तिची करंगळी आणि अनामिका जवळजवळ उमटलीच नव्हती. सगळा भार तळव्यावर आणि अंगठ्याच्या गादीवर. तिची मूठ म्हणजे ही होती तर! मी तो गोळा मापला, चितारला. मग पुठ्ठ्याची पाती कापली, एकूण पाच. आंघोळीच्या साबणाच्या मुठी कोरल्या. आई प्रत्येक नमुना हातात घेऊन खोटीखोटी कोथिंबीर चिरायची आणि शेरा द्यायची. "ही टोचते." "हिच्यात हात घामेजेल." "ही बरी, पण माझी नाही." (मी मुलांच्या चित्रांवर शेरे मारायचो, त्याची परतफेड!)

पात्यासाठी तात्यांनी लाकडाच्या वखारीतल्या गोल करवतीचा तुकडा मिळवून दिला. जुनी, दात मोडलेली, अडीच मिलिमीटर जाडीची. आता हे पोलाद आधीच कडक, कापणार कसं? तात्यांनी ते लाल करून रात्रभर राखेच्या ढिगात पुरून ठेवलं. सकाळपर्यंत हळूहळू गार झालं आणि मऊ पडलं. संगीतखुर्ची आठवते ना? मग मी हॅकसॉनं अर्धचंद्र कापला, तेरा सेंटिमीटर लांबीचा. वरच्या बाजूला मुठीत शिरेल अशी एक जीभ ठेवली, तिला दोन भोकं पाडली. धार जवळजवळ उतरवली, पण पूर्ण नाही. फार पातळ कड तापवताना जळते आणि वाकते.

पाणी द्यायचं ते तिन्हीसांजेला. दिवसाच्या उजेडात तापल्या पोलादाचा रंग फसवतो. तात्या रंगावरून ओळखतात, पळसाच्या फुलासारखा झाला की बास. मला तेवढी नजर नाही; मी तारेला लोहचुंबक बांधून नेलं होतं. लोखंड साधारण ७७० अंश सेल्सियसला तापलं, की चुंबकाला चिकटेनासं होतं! चिकटेना, तेव्हा आणखी थोडं तापवलं आणि कोमट तेलात सरळ बुडवलं. भक्कन् ज्वाळा उठली. तात्यांनी झाकण हातात तयारच ठेवलं होतं. पातं बाहेर आलं, तडकलं नव्हतं, पण वाकडं झालं होतं. वाळलेल्या पानासारखं. पुन्हा राख, पुन्हा सरळ करणं, पुन्हा भट्टी. दुसऱ्या खेपेला कानस टेकवली आणि ती सर्रकन घसरली. तात्या हसले.

पण असं पातं काचेसारखं ठिसूळ असतं. हातातून पडलं, तर तुकडे! म्हणून अडकलेल्या मुलांना थोडं सैल करावं लागतं. त्यासाठी मी आमच्या हिच्या केकच्या ओव्हनमध्ये पातं दोनशे अंशांवर दोन तास ठेवलं. (तिला आधी विचारलं नव्हतं. नंतर नानकटाईला आठवडाभर तेलाचा वास येत होता, तो विषय वेगळा.) घासून चकचकीत केलेलं पोलाद असं तापताना रंग बदलतं. आधी फिकट गवती, मग सोनेरी, मग तपकिरी, जांभळा आणि शेवटी निळा. सुरीला गवती रंगावर थांबायचं.

मूठ बाभळीची. जुन्या औताचं लाकूड होतं, सहज हार न मानणारं. कणकेच्या गोळ्यावरून ती कोरली, पॉलिशपेपरनं घासली, जवसाचं तेल पाजलं. पितळेच्या दोन खिळ्यांनी पक्की केली. धार लावताना कोन किती ठेवायचा, तेही सांगतो. कागदाचा काटकोनी कोपरा घडी घालून निम्मा करा, पुन्हा निम्मा करा. साडेबावीस अंश झाले. त्याहून थोडा कमी कोन प्रत्येक बाजूला, की स्वयंपाकघरातली धार झाली. कोयत्याची धार याहून जाड असते, नाहीतर ऊस तोडताना तिचे खवले उडतील.

आता तुमच्यापैकी कोणाचे हात शिवशिवत असतील, तर ऐका. पुठ्ठा, साबण, कणीक आणि वही, एवढं तुमचं. त्यात निम्म्याहून जास्त काम होतं, मी अतिशयोक्ती करत नाही. भट्टी, सहाण आणि धार मात्र काम येणारं मोठं माणूस शेजारी असल्याशिवाय नाही, आणि डोळ्यांना चष्मा लावल्याशिवाय तर मुळीच नाही. आणखी एक: सुरी हातातून सुटली, तर झेलायला जायचं नाही. पाय मागं घ्यायचे आणि पडू द्यायची. धार पुन्हा लावता येते.

२०१९च्या संक्रांतीला सुरी तयार झाली. आई ओट्याशी उभी राहिली. मी तिच्या मागंच उभा, श्वास रोखून. तिनं गाजर घेतलं, सुरी वर ठेवली आणि तळवा दाबला. 'कच्'. पुन्हा 'कच्'. मग पातं पाळण्यासारखं मागंपुढं डोलवत तिनं कोथिंबीर चिरली, भोगीच्या भाजीची वांगी चिरली, घेवडा चिरला. आमची ही म्हणाली, "आत्या, आता पुरे, आपण चारच माणसं आहोत." आईनं ऐकलं नाही.

सुरीला खोडी आहेतच. तिनं टोकाचं काम होत नाही. बटाट्याचे डोळे काढायला दुसरी लागते. साध्या पोलादाची असल्यामुळं ओली राहिली की गंजते, आणि कैरी कापली की काळी पडते. आई रोज ती पुसून, तेलाचं बोट फिरवून ठेवायची, आणि कोणी ओली ठेवली तर साऱ्या घराला ऐकू जाईल असं बोलायची.

पुढच्या आठवड्यात तात्या घरी आले. एरवी ते गावात फारसे येत नाहीत. हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. त्यांनी ते माझ्या टेबलावर, रंगाच्या बाटल्यांशेजारी, अलगद ठेवलं आणि फडकं सोडलं. ज्वारीच्या पिठाचा गोळा होता. त्याच्यावर चार बोटं उमटली होती आणि एक अर्धवट.

"मालकिणीची मूठ आणलीया, मास्तर," तात्या म्हणाले. "वाळायच्या आत माप घ्या."